नौकेवरील शौचालय : दुर्गंधी, गळती आणि दुरुस्ती

बडोद्याहून समुद्र लांब असला, तरी या सदराच्या येथील काही वाचकांनी मुंबईत, अलिबागेजवळ किंवा गोव्यात लहान शिडाच्या नौका भागीदारीत घेतलेल्या आहेत. त्या सांभाळताना येणाऱ्या अडचणी ते आमच्याकडे पाठवतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला, तो म्हणजे नौकेवरील शौचालय. घरात या विषयावर बोलण्याचा संकोच असतो. नौकेवर तो संकोच परवडत नाही, कारण तेथे हे यंत्र नौकेच्या बुडाला पाडलेल्या दोन भोकांशी जोडलेले असते आणि त्याची हयगय थेट सुरक्षिततेवर येते. म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी ठेवून या वेळी केवळ याच प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही तीन कुटुंबांनी मिळून ३० फुटी जुनी शिडाची नौका घेतली आहे. ती मुंबई बंदरात नांगरलेली असते आणि आम्ही महिन्यातून एखाद्या वेळी तेथे जातो. केबिनचे दार उघडताच सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि कमोडचा पंप दोन-तीनदा हापसला की तो अधिकच उसळतो. मी प्रत्येक वेळी निघताना भांडे घासून फिनेल ओतते, तरी काही फरक पडत नाही. आता घरातली मुले नौकेवर यायला तयार नाहीत. (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : हापसल्यावर वास उसळतो, हे निरीक्षण आपण नोंदवले हे फार चांगले केले. त्यावरून दुर्गंधीचे मूळ मैल्यात नसून, आपण ज्याला स्वच्छ समजतो त्या समुद्राच्या पाण्यातच असावे, असे दिसते. हातपंपाच्या कमोडला समुद्राचे पाणी साधारण १९ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून आत येते आणि मैला ३८ मिलिमीटरच्या नळीतून बाहेर जातो. पाणी आत आणणाऱ्या नळीत समुद्रातले सूक्ष्म जीव, शेवाळाचे तंतू आणि माशांची अंडी येतात. नौका बंद राहिली की ते तेथेच मरतात आणि नळीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायूविना जगणारे जिवाणू ते सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि सडक्या अंड्यांचा वास याच वायूचा असतो. पंप हापसताच ते साचलेले पाणी भांड्यात उतरते आणि वास केबिनभर पसरतो. भांडे कितीही घासले तरी हे पाणी नळीतच राहते, त्यामुळे आपले कष्ट वाया जातात.

उपाय सोपा आहे. नौका सोडण्यापूर्वी आत येणाऱ्या नळीत समुद्राच्या पाण्याऐवजी गोडे पाणी भरलेले असले पाहिजे. भांड्यात गोडे पाणी ओतून हे साधत नाही, कारण ते पाणी केवळ बाहेरच्या वाटेने जाते. पाणी आत आणणाऱ्या नळीची बुडाजवळची तोटी, म्हणजे सी-कॉक, बंद करावी, तिच्यावरून नळी सोडवावी, नळीचे तोंड गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि बादली रिकामी होईपर्यंत हापसावे. या नळीच्या एका मीटरमध्ये जेमतेम पाव लिटरहून थोडे अधिक पाणी मावते, त्यामुळे एक बादली पुरून उरते. दर वेळी नळी सोडवणे जिकिरीचे वाटत असेल, तर हात धुण्याच्या बेसिनची सांडपाण्याची नळी टी-जोडाने या नळीला तोटीच्या वरच्या बाजूस जोडून घ्यावी. मग तोटी बंद करून बेसिन गोड्या पाण्याने भरायचे आणि हापसायचे, एवढेच काम उरते. मात्र पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा तिचा दाबाचा पंप कमोडला थेट जोडू नये. एखादी झडप निकामी झाली, तर कमोडमधले पाणी पिण्याच्या पाण्यात उलटे जाऊ शकते.

फिनेल मात्र आजपासून थांबवावे. आपल्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या फिनेलात बहुधा पाइन तेल असते आणि त्याने पंपातल्या रबरी झडपा फुगतात, मऊ पडतात व नीट मिटेनाशा होतात. वासावर म्हणून ओतलेले फिनेल अशा रीतीने गळती निर्माण करते. भांडे धुण्यासाठी पातळ साबणाचे पाणी पुरेसे आहे.

एवढे करूनही वास राहिला, तर दुसरा संशय बाहेर जाणाऱ्या नळीवर घ्यावा. जुनी किंवा हलकी नळी बाहेरून कोरडी दिसली तरी तिच्या भिंतीतून वास झिरपतो. कढत पाण्यात भिजवून पिळलेले फडके नळीच्या एका भागाभोवती गुंडाळावे, निवल्यावर ते बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर ती नळी बदलण्यावाचून इलाज नाही. बदलताना शेतीच्या पंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्याच्या आतल्या वळ्यांत मैला अडकतो आणि वास तर तो मुळीच रोखत नाही. आतून गुळगुळीत, जाड भिंतीची आणि नौकेच्या मैलावाहिनीसाठीच तयार केलेली नळी घ्यावी. ती महाग असते, पण योग्य नळी वर्षानुवर्षे टिकते.

प्रश्न : मी एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. आमच्या नौकेवर रात्री कोणी कमोड न वापरताही सकाळी भांडे काठोकाठ भरलेले असते. भागीदार म्हणतात की जुन्या नौकांत हे चालायचेच. एक तोटी इतकी घट्ट झाली आहे की ती कायम उघडीच असते. यात धोका आहे काय? (एक वाचक, रावपुरा, बडोदे)

उत्तर : धोका आहे, आणि तो गंभीर आहे. धक्क्याला बांधलेल्या किंवा नांगरलेल्या, वरून पूर्णपणे सुस्थितीत दिसणाऱ्या नौका शौचालयाच्या वाटेने पाणी शिरून बुडाल्याची उदाहरणे जगभर आहेत. ही उत्तरे लिहिण्यामागे माझी जी तळमळ आहे, ती मुख्यतः आपल्या पत्रासाठी आहे.

आपण अभियंता आहात, तेव्हा हिशेबच मांडतो. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर अडथळ्यासाठी भरपूर सूट धरूनही मिनिटाला सुमारे १०० लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाला जवळजवळ ६ टन. १९ मिलिमीटरच्या भोकातूनही मिनिटाला सुमारे २५ लिटर येते. आपल्या नौकेत सध्या येते ते पाणी झडपांतून झिरपून येत असल्याने कमी आहे, परंतु भांड्याचा काठ जर समुद्राच्या पातळीखाली असेल, तर भांडे भरल्यावर ते थांबण्याचे काही कारण नाही. ते काठावरून केबिनमध्ये उतरते. माणसे नौकेवर असताना नौका सरळ उभी असते आणि काठ पातळीच्या वर राहतो. तीच नौका वाऱ्याने एका अंगाला कलली किंवा मागे जड झाली, की काठ खाली जातो, आणि त्या वेळी नौकेवर कोणी नसते.

प्रथम पाणी कोणत्या वाटेने येते ते ठरवावे. रात्री पाणी आत आणणारी तोटी बंद आणि मैला बाहेर सोडणारी उघडी ठेवावी, दुसऱ्या रात्री उलट करावे. घट्ट झालेली तोटी सध्या बंद होत नसल्याने तिची पाळी दुरुस्तीनंतर घ्यावी. भांड्यात आलेले पाणी नितळ असेल तर ते पाणी आत आणणाऱ्या नळीतून सायफनने, म्हणजे पंप न चालताही भरलेल्या नळीतून आपोआप वाहत, येते. गढूळ आणि वासाचे असेल तर बाहेरच्या नळीतून मागे फिरते. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा जोकर व्हॉल्व्हचा असतो. पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी बसवलेली ही चोचीच्या आकाराची रबरी झडप मैल्याला पुढे जाऊ देते आणि मागे येऊ देत नाही. वापराने आणि क्षारांनी तिची फट उघडी राहू लागते. ती दर वर्षी बदलावी, दुरुस्त करण्याचा खटाटोप करू नये. बसवताना चोच प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पंपापासून दूर, ठेवायची असते. उलटी बसली तर पंप चालतच नाही.

जोकर व्हॉल्व्ह नवा असला तरी तो पाणी पूर्ण अडवण्यासाठी केलेला नसतो. सायफन तोडण्याचे काम उलट्या यू आकाराचा उंच वळसा करतो, ज्याला व्हेंटेड लूप म्हणतात. त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी लहानशी झडप असते. नौका दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त कलल्यावरही हा माथा पाण्याच्या पातळीच्या किमान १५ ते २० सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. पुष्कळ जुन्या नौकांत वळसा असतो, पण त्याच्या माथ्यावरची झडप मिठाने चोंदलेली असते, आणि मग तो वळसा असून नसल्यासारखा होतो. वर्षातून दोनदा ती काढून कोमट गोड्या पाण्यात धुवावी. आत येणाऱ्या पाण्याचा वळसा पंप आणि भांडे यांच्यामधल्या नळीवर असावा. तो तोटी आणि पंप यांच्यामध्ये बसवला, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो.

आता घट्ट तोटीविषयी. जी तोटी बंद होत नाही ती तोटी नाही, ते भोक आहे. नौका पाण्यात असताना तिच्यावर पाना लावून जोर करू नये, कारण झिजलेली तोटी मुळापासून मोडू शकते. नौका किनाऱ्यावर घेतल्यावर ती काढून तपासावी. तोपर्यंत त्या तोटीच्या मापाची निमुळती मऊ लाकडाची खुंटी दोरीने तिच्याशेजारीच बांधून ठेवावी, म्हणजे प्रसंगी शोधाशोध होणार नाही. तोटी चालू झाल्यावर नौका सोडताना दोन्ही तोट्या बंद करण्याचा नियम तिन्ही-चारही भागीदारांनी पाळावा आणि प्रवासातही कमोड वापरून झाल्यावर त्या बंद कराव्यात.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत माझे यंत्रकामाचे छोटे वर्कशॉप आहे. मित्राच्या नौकेवरील कमोडचा हातपंप इतका जड झाला आहे की दांडा दोन्ही हातांनी दाबावा लागतो आणि सोडला की तो आपोआप वर येतो. दांड्याच्या मुळाशी थोडे पाणीही झिरपते. ओ-रिंग, वॉशर, व्हॉल्व्ह हे सर्व मी येथेच मिळवू किंवा बनवू शकतो. काय बनवावे आणि काय विकत घ्यावे? नळी ॲसिडने साफ करता येईल काय? (एक वाचक, मकरपुरा, बडोदे)

उत्तर : दांडा आपोआप वर येणे हे पंपाचे नव्हे, तर बाहेरच्या नळीचे लक्षण आहे. पुढे वाट अरुंद झाल्याने दाबलेले पाणी परत रेटते. मूत्रातील द्रव्ये आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम एकत्र आले की नळीच्या आतल्या भिंतीवर पांढरट-करडा खडा धरतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या ३८ मिलिमीटरच्या नळीत बोट जाईल एवढीच वाट उरलेली मी पाहिली आहे. दांडा जोराने दाबत राहिल्यास एखादा सांधा सुटतो आणि मग जे घडते त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. म्हणून मित्राला आजच थांबण्यास सांगावे आणि नळी आधी, पंप नंतर, असा क्रम ठेवावा.

खडा विरघळवण्यासाठी ॲसिड चालते, परंतु कोणते आणि किती, हे महत्त्वाचे आहे. पातळ थर असेल तर साधे पांढरे व्हिनेगर किंवा किराणा दुकानातील लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गोड्या पाण्यात विरघळवून भांड्यात ओतावे, ते नळीत पोहोचेल इतकेच हापसावे आणि रात्रभर राहू द्यावे. येथे हिशेब उपयोगी पडतो. ३८ मिलिमीटरच्या नळीत मीटरला सुमारे १.१ लिटर द्रव मावतो, त्यामुळे तीन मीटर नळी भरण्यासाठी साडेतीन लिटर द्रावण लागेल. एक कपभर ओतून उपयोग होत नाही. थर जाड असल्यास हायड्रोक्लोरिक ॲसिडचे सुमारे १० टक्क्यांचे द्रावण वापरतात. ते करताना हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडक्या-झाकणे उघडी ठेवावीत, पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये, आणि बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुऊन काढावे. त्याच दिवशी किंवा आधी भांड्यात ब्लीचिंग पावडर अथवा कोणतेही क्लोरीनयुक्त द्रव्य पडले असेल, तर ॲसिड मुळीच वापरू नये. दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि नौकेच्या बंद शौचालयात त्यातून पळायला जागा नसते.

नळी काढणे शक्य असेल तर मला ॲसिडपेक्षा जुनी रीत अधिक पसंत आहे. दोन्ही तोट्या बंद करून, नळी गोड्या पाण्याने धुऊन काढावी, उन्हात वाळवावी आणि धक्क्याच्या दगडावर आपटावी. खड्याचे तुकडे खळखळून बाहेर पडतात. ते वेचून कचऱ्यात टाकावेत. परत बसवताना नळीचे टोक कढत पाण्यात मऊ करून घ्यावे आणि प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावावेत. क्लॅम्प निवडताना जवळ लोहचुंबक ठेवावा. पट्टी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची आणि तिचा स्क्रू मात्र साध्या लोखंडाचा, असा माल बाजारात सर्रास मिळतो. समुद्रावर तो स्क्रू आधी गंजतो आणि पट्टी चांगली असूनही क्लॅम्प सुटतो.

दांड्याच्या मुळाशी झिरपणारे पाणी दांड्याच्या सीलमधून येते. ते सील आणि पिस्टनवरची ओ-रिंग आपण नक्कीच मापाने घेऊ शकता. मापे व्हर्नियरने घ्यावीत, पण झिजलेल्या ओ-रिंगची नव्हे, तर ती ज्या खाचेत बसते त्या खाचेची आणि पंपाच्या नळकांड्याची. बसवताना सिलिकोन ग्रीस लावावे. डिझेल, इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जेली यांनी अनेक प्रकारचे रबर फुगते आणि चार दिवस हलका चाललेला दांडा पाचव्या दिवशी अडकतो. जोकर व्हॉल्व्ह, वरच्या टोपणाखालची झडप आणि तळातली पडदा-झडप मात्र मूळ उत्पादकाच्या संचातलीच घ्यावी. या तिन्हींचे काम रबराच्या लवचिकतेवर आणि जाडीतल्या सूक्ष्म फरकांवर चालते आणि शीटमधून कापलेली झडप पहिल्या आठवड्यात उत्तम, नंतर बेभरवशाची ठरते. पंप उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक भाग काढल्यावर भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे, कारण झडपांची उलटसुलट ओळखण्याच्या खुणा बारीक असतात.

व्हॉल्व्हच्या बाबतीत आपल्या हातून चूक होऊ नये, असे मनापासून वाटते. घरगुती नळकामातला पितळी बॉल व्हॉल्व्ह दिसायला नौकेवरच्या तोटीसारखाच असतो. पितळ हे तांबे आणि जस्ताचे मिश्रण आहे. समुद्राच्या पाण्यात त्यातले जस्त झिजून जाते, धातू गुलाबीसर आणि भुसभुशीत होतो आणि एके दिवशी हातात मोडून येतो. बुडाच्या तोटीसाठी गनमेटल, म्हणजे कथिलयुक्त कांसे, किंवा जस्त न झिजणारे डीझेडआर पितळ घ्यावे. काचतंतूंनी बळकट केलेल्या नायलॉनच्या तोट्याही चांगल्या असतात. गेट व्हॉल्व्ह कोणत्याही धातूचा असला तरी येथे घेऊ नये, कारण तो उघडा आहे की बंद हे बाहेरून कळत नाही आणि कचऱ्याचा एक कण त्याला पूर्ण मिटू देत नाही.

खंभातच्या आखातात नौका नेण्याचा मित्राचा विचार असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरहून अधिक होतो आणि वेगाने धावणारे पाणी गाळाने भरलेले असते. तो गाळ पंपातून गेला की सील आणि नळकांडे घासले जाते. तेथे पाणी गाळणीतून आत घ्यावे, किंवा बादलीत निवळू देऊन भांड्यात ओतावे.

प्रश्न : आमच्या नौकेवर १२ व्होल्टचे विजेचे कमोड आहे. बटण दाबल्यावर ते घरघरते आणि मैला नीट दळला जात नाही. बॅटरी नवी आहे. मोटर बदलावी काय? (एक वाचक, अलकापुरी, बडोदे)

उत्तर : मोटरीवर खर्च करण्यापूर्वी तार पाहावी. अशी मोटर भाराखाली २० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. बॅटरीपासून कमोडपर्यंतचे अंतर ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन तार १० मीटर होते, आणि ती २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. मोटरीला साडेदहा व्होल्ट मिळाले तर ती घरघरणारच. तीच तार १० चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेली घेतली, तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. बटण दाबलेले असताना मोटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून पाहावे, म्हणजे दोष तारेत आहे की मोटरीत, हे लगेच कळेल. तारेची टोके हिरवी पडली असतील तर तीही कापून नव्याने दाबून घ्यावीत. व्होल्टेज योग्य असूनही घरघर राहिली तर दळणाऱ्या पात्यात बहुधा केस, दोरा किंवा चिंधी गुंतलेली असते. पाते उघडण्यापूर्वी फ्यूज काढून खिशात ठेवावा.

प्रश्न : आमच्या नौकेत ५० लिटरची मैलाटाकी आहे. आम्ही चौघे दोन दिवस गेलो तर ती पहिल्याच दिवशी भरते. ती कोठे रिकामी करावी? आणि आतून साफ करण्यासाठी बंदरावर पैसे घेऊन काम करणारा कोणी माणूस लावावा काय? (एक वाचक, मांडवी, बडोदे)

उत्तर : टाकी लवकर भरण्याचे कारण दोष नसून आपली सवय आहे. आपण कागदाऐवजी पाणी वापरतो. यामुळे नळी तुंबण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, पण एका वापराचे धुण्यासह तीन लिटर धरले आणि चौघांचे दिवसाला चार-चार वापर धरले, तरी ४८ लिटर झाले. भांड्याजवळ लहान मग ठेवावा आणि लघवीनंतर मोजून हापसावे. कागद, टिश्यू, सॅनिटरी नॅपकिन, सुपारीची खांडे, काड्या यांतले काहीही भांड्यात जाऊ नये. नॅपकिनमधला शोषक पदार्थ तर पाण्यात फुगून पंपच कोंडतो. नव्या पाहुण्यांना हे निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे. सांगणाऱ्याला एक मिनिट अवघड वाटते, पण पंप उघडण्याचे अर्ध्या दिवसाचे काम वाचते.

कोठे रिकामी करावी, याविषयी मोठ्या जहाजांचे नियम आपल्याला मार्गदर्शक आहेत. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले. ते आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ४०० टनांवरील किंवा १५ हून अधिक माणसांसाठी प्रमाणित जहाजांना लागू होते. त्यानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पलीकडे, जहाज किमान ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल, वेगाने चालत असताना, टाकीतून हळूहळू सोडावा लागतो. दळून निर्जंतुक केलेला असेल तर ही मर्यादा ३ सागरी मैलांची आहे. आपली नौका लहान असल्याने हा नियम तिला लागत नसेल, तरी ज्या पाण्यात मुले पोहतात आणि कोळी जाळी टाकतात तेथे टाकी उघडण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. खंभातच्या आखाताच्या आतल्या भागात तर १२ मैलांचे अंतर मिळणेच अशक्य आहे. घोघा आणि दहेज यांच्यामधला समुद्र सुमारे ३१ किलोमीटरच रुंद आहे. नर्मदा, मही किंवा कोणत्याही तलावात एक थेंबही सोडू नये. नदीतल्या नौकांच्या सांडपाण्याची दखल अंतर्देशीय जलवाहतुकीच्या २०२१ च्या कायद्याने घेतली आहे आणि जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा त्याआधीपासून आहेच. जेथे टाकी उपसून घेण्याची सोय नाही, तेथे लहान प्रवासांसाठी सुटे, उचलून नेता येणारे कमोड घ्यावे. त्याची १० ते २० लिटरची खालची पेटी घट्ट झाकून घरी आणता येते आणि घरच्या शौचालयात रिकामी करता येते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, असे आहे. मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, वास गेला असे वाटते आणि माणूस तेथेच कोसळतो. आपल्या देशात गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना अशीच किती माणसे गेली आहेत. संरक्षक साधनांविना माणसाला अशा कामाला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या सहलीचा मैला दुसऱ्याच्या हातांनी काढून घेणे योग्य ठरले नसते. सुदैवाने टाकीत कोणी उतरण्याची किंवा डोके घालण्याची गरजच नाही. ती उपसून झाल्यावर एक तृतीयांश भरेल इतके गोडे पाणी आणि थोडे साबणाचे पाणी घालून नौका एक-दोन तास लाटांवर चालवावी, म्हणजे टाकी आतून खंगाळली जाते. मग ते पाणीही उपसून टाकावे आणि असे दोनदा करावे. हातमोजे घालून हे काम मालकाने स्वतः करावे. टाकीच्या हवेच्या नळीचे बाहेरचे तोंड किडे, रंग किंवा मीठ यांनी बुजलेले नाही, हेही पाहावे. हवा खेळती राहिली तर प्राणवायूवर जगणारे जिवाणू वाढतात आणि वास बराच कमी होतो. ते तोंड बुजलेले असताना टाकी उपसली, तर ती आत ओढली जाऊन चिरते.

प्रश्न : पावसाळ्यात नौका चार महिने किनाऱ्यावर ठेवतो. कमोडमध्ये काय भरून ठेवावे? परदेशी पुस्तिकांत अँटीफ्रीझ सांगितले आहे. (एक वाचक, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर पाणी गोठत नाही, त्यामुळे अँटीफ्रीझ लागत नाही. नौका वर काढण्याच्या आधी टाकी रिकामी करावी आणि शौचालय गोड्या पाण्याने भरपूर हापसून घ्यावे. वर घेतल्यावर व्हिनेगर रात्रभर ठेवून पुन्हा गोडे पाणी द्यावे, मग पंप, भांडे आणि नळ्या जमेल तितक्या कोरड्या कराव्यात. भांड्याचे झाकण आणि शौचालयाचे दार उघडे ठेवावे. पंपाची दुरुस्ती, जोकर व्हॉल्व्ह आणि तोट्या यांचे काम याच चार महिन्यांत उरकावे. बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीत पाणी अडकून राहू नये म्हणून किनाऱ्यावर तोट्या उघड्या ठेवाव्यात आणि तशी चिठ्ठी सुकाणूला बांधावी. नौका पुन्हा उतरवताना सर्व तोट्या बंद कराव्यात, आणि क्रेनचे पट्टे सैल करण्यापूर्वी, नौका पट्ट्यांत पाण्यावर तरंगत असतानाच, आत जाऊन प्रत्येक तोटीभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. कागद ओला झाला तर नौका लगेच वर उचलून घ्यावी.